विडी, विषाणू आणि घशाचा कर्करोग



रोगाचे कारण आपण काय मानतो, यावर रोग्याकडे पाहण्याची आपली दृष्टी ठरते. बालाघाट हा तेंदूपानांचा मुलूख आणि शेजारचे गोंदिया हे विड्यांचे गाव. त्यामुळे मुखाच्या व घशाच्या कर्करोगाचा इतिहास आपल्याला परका नाही.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रोगाचे मूळ लोकांच्या राहणीत व सवयींत शोधण्याची दृष्टी त्यांनी या देशाला दिली. तंबाखू ओळखली गेली ती याच वाटेवर.

पुढे एक निराळे कारण उजेडात आले. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार शोधला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००० साली अमेरिकेतील मौरा गिलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉन्सिल व जिभेचे मूळ येथील काही कर्करोगांशी याच विषाणूचा संबंध सबळ पुराव्यानिशी दाखविला. पेशींच्या वाढीला आवर घालणारी प्रथिने हा विषाणू निकामी करतो. विडीला कधी न शिवलेल्या माणसालाही हा रोग का होतो, याचा उलगडा त्यातून झाला.

येथे दोन गोष्टींचे भान हवे. पहिली, विषाणू सापडला म्हणून तंबाखू निर्दोष ठरत नाही. आपल्याकडील मुखकर्करोगाचे प्रमुख कारण आजही तीच आहे. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली, ती उगाच नव्हे. दुसरी, हा विषाणू शरीरसंबंधातून पसरत असला, तरी त्याचा संसर्ग अत्यंत सर्वसामान्य आहे आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. रोग्याच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचा अधिकार त्यामुळे कोणालाच मिळत नाही. लाजेपोटी लपविलेली गाठ मात्र प्राणावर बेतते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली या विषाणूवरील भारतीय लस बाजारात आणली. ती झालेला रोग बरा करीत नाही, संसर्ग टाळते. म्हणूनच ती वेळेवर, कोवळ्या वयात द्यावयाची. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण किंवा मानेतील न दुखणारी गाठ दिसताच वैद्यांकडे जावे. घरातील माणसांनी त्या वेळी कारण विचारत बसू नये, सोबत जावे.