दाबस्थैर्य, वीजवितरणातील (भिवंडी-अंजूर परिसर)

सूर्यप्रकाशादी नवीकरणीय स्रोतांची वीज वितरणजाळ्यात ठिकठिकाणी शिरत असताना ग्राहकाचा विद्युत्दाब विहित मर्यादेत (घरगुती जोडणीस 230 व्होल्ट, 6 टक्के कमीअधिक) राखणे, आणि भार वा उत्पादन एकाएकी बदलले तरी तो सावरेल अशी तजवीज करणे, हा या विषयाचा आशय होय.

गंगाजी नाईकांमुळे वसईच्या मोहिमेच्या इतिहासात नोंदले गेलेले अंजूर आणि त्याभोवतीचा भिवंडी तालुका या अभ्यासास विशेष सोयीचा; कारण येथे यंत्रमागांचे कारखाने आणि पत्र्याच्या विस्तीर्ण छपरांची गोदामे एकाच मुलखात नांदतात. मागाच्या मोटरीचा पीळ दाबाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्यामुळे दाब 10 टक्के उतरताच पीळ 19 टक्क्यांनी उतरतो, मोटर मंदावून अधिक प्रवाह ओढू लागते, आणि त्या ओढीने दाब आणखी खचतो. 26 जानेवारी 2007 पासून महावितरणने येथील वितरण टोरंट पॉवर कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपविल्यावर निम्म्याहून अधिक असलेली गळती पुष्कळ खाली आली. तथापि गळतीचा हिशेब निराळा आणि दाबाचा निराळा.

सौरवीज नेमके उलटे संकट आणते. सुटीच्या दुपारी माग बंद असताना, दर फेजला 0.3 ओहम रोध असलेल्या 400 व्होल्टच्या वाहिनीतून 20 किलोवॅट वीज रोहित्राकडे परतली, तर टोकाचा दाब सुमारे 15 व्होल्टांनी, म्हणजे पावणेचार टक्क्यांनी, चढतो. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर बंद पडतात, तेही ऐन उन्हात. इन्व्हर्टरकडून निष्क्रिय शक्ती शोषून घेण्याचा उपाय पुस्तकांत फार वाखाणला जातो, परंतु लघुदाब तारांत रोधच प्रबळ असल्याने त्याचा गुण बेताचाच येतो. रोहित्राचा टॅप सामान्यतः पुरवठा बंद करूनच बदलावा लागतो; सबब रात्रीच्या भारासाठी चढवून ठेवलेला टॅप दुपारी उपद्रवच करतो. तारा जाड करणे आणि एका फेजवर साचलेली छपरे तिन्ही फेजांवर वाटणे, ही अनाकर्षक कामे प्रस्तुत लेखकाच्या मते आधी करावयाची. बॅटरीसंच त्यानंतरचा, आणि त्याच रोहित्रावरील माग दुपारी चालू राहतील अशा पाळ्या बसविता आल्या, तर तो लहानही पुरतो.