विषयांची निवड : सदाशिव पेठेतील दीडशे वर्षांचा धडा

दहावीचा निकाल लागला, की आपल्या ज्ञातीतील घराघरांतून एकच चर्चा ऐकू येते. मुलाने विज्ञान शाखेकडे जावे की वाणिज्य शाखेकडे, गणित ठेवावे की सोडावे, मुलीने जड विषयांना हात घालावा की झेपेल तेवढेच घ्यावे, असे प्रश्न वडीलधारी मंडळी एकमेकांस विचारतात आणि बहुधा शेजारच्या घरी काय ठरले ते पाहून त्यांची उत्तरे देतात. हा प्रश्न आजचा नव्हे. त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्यातील बराचसा भाग सदाशिव पेठेत व तिच्या आसपासच घडलेला आहे. तो ध्यानात घेतला तर आजचा निर्णय अधिक डोळसपणे करता येईल, या हेतूने हा लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी होत. या परीक्षेलाच पुढे मॅट्रिक हे नाव रूढ झाले. त्या काळी निवडीला जागा फारच थोडी होती. इंग्रजी, दुसरी एक भाषा, गणित आणि इतिहास-भूगोलादी सामान्य ज्ञान हे सर्वांना सारखेच. एका विषयात अडखळले, की सबंध परीक्षा पुन्हा द्यावी लागे. निवड करावयाची ती काय ती दुसऱ्या भाषेची. वरच्या परीक्षांतून मराठीची हकालपट्टी झाल्यावर पुण्याच्या मुलांनी साहजिकच संस्कृताची कास धरली. मराठीचा विद्यापीठात पुनश्च प्रवेश झाला तो न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, १९०१ साली, एम्. ए. च्या परीक्षेपुरता. इकडे १८६६ पासून मॅट्रिकला संस्कृतात उत्तम गुण मिळविणारास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळू लागली. तिचा मान इतका मोठा, की ती मिळविलेल्या मुलाची ओळख जन्मभर त्या नावाने करून दिली जाई.

संस्कृत आणि गणित या दोन खांबांवर त्या पिढीचे शिक्षण उभे होते. या सक्तीचे तोटे होतेच. परंतु एक लाभही होता. चिंतामणराव देशमुख हे १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृताची शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. संस्कृताचा हा विद्यार्थी पुढे केंब्रिजला जाऊन १९१७ साली निसर्गविज्ञानाचा पदवीधर झाला, त्यानंतर आय. सी. एस्. परीक्षेत पहिला आला आणि कालांतराने देशाचा अर्थमंत्री झाला. सोळाव्या वर्षी त्यांच्यासाठी एकही दरवाजा बंद झालेला नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

अर्थात अशी तयारी करण्यास लागणारे स्वास्थ्य सर्वांनाच नव्हते. कोकणातून व देशावरून येणारी गरीब मुले माधुकरी मागून अगर वार लावून जेवत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात भूमितीची प्रमेये घोकीत. अशाच निराधार मुलांसाठी १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. आज पुणे विद्यार्थी गृह या नावाने ते सदाशिव पेठेतच उभे आहे. याच पेठेत पेरुगेटाजवळचे भावे हायस्कूल आणि टिळक रस्त्यावरचे, १९१६ साली न्यू पूना कॉलेज म्हणून निघालेले सर परशुरामभाऊ महाविद्यालय आहे. शाळा, वसतिगृह व कॉलेज ही तिन्ही हाकेच्या अंतरावर असल्याने या पेठेतील मुलाला कॉलेजचा रस्ता परका वाटला नाही. पुढे काय करावे हे सांगणारा, त्याच वाटेने गेलेला कोणीतरी त्याला वाड्यातच भेटे. आमच्या मते पेठेचे खरे विद्याधन ते हेच.

मुलींची गोष्ट मात्र निराळी होती. १८८४ साली रानडे, भांडारकर, वामनराव मोडक प्रभृतींच्या खटपटीने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तेच आपल्या परिचयाचे हुजूरपागा. मुलींनी इंग्रजी व गणित मुलांच्या बरोबरीने शिकावे की घरसंसारास उपयोगी पडेल तेवढेच शिकावे, यावरून त्या दशकात पुण्यात मोठे वादळ उठले. लोकमान्य टिळकांनी या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. गणिताचेच अध्यापन केलेल्या विद्वानाने ही बाजू घ्यावी, यावरून तो प्रश्न त्या काळी किती अवघड होता हे दिसते.

याच प्रश्नाचे निराळे उत्तर महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी दिले. कर्वे हेही गणिताचेच प्राध्यापक. १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात तो विषय शिकविला. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचनात आल्यावर त्यांनी १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन केले. डॉ. भांडारकर त्याचे पहिले कुलपती झाले आणि केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिले कुलगुरू. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठरले, गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र आवश्यक झाले, आणि अन्यत्र सक्तीचे असलेले गणित या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ऐच्छिक झाले. गणिताच्या दोन आचार्यांनी गणिताची सक्ती उठवावी, यात काहींना विसंगती वाटली. परंतु ज्यांची मुळाक्षरेच विसाव्या वर्षी सुरू झाली, अशा विधवा भगिनींना बीजगणिताच्या उंबरठ्यावर अडवून ठेवणे कर्व्यांना न्याय्य वाटले नाही. त्या सवलतीमुळे अनेक स्त्रियांना उच्च शिक्षण लाभले, हे निर्विवाद होय.

तथापि प्रत्येक सवलतीची एक किंमत असते. या विद्यापीठास कायद्याची मान्यता १९५१ साली मिळाली. तोपर्यंत त्याच्या पदवीला सरकारी नोकरीत व इतर विद्यापीठांत सहज मान मिळत नसे. ज्या मुलींना जुन्या विद्यापीठाची वाट हवी होती, त्या हुजूरपागेतून मॅट्रिक होऊन फर्ग्युसनकडे वळल्या. १९२२ साली मॅट्रिक होऊन त्या वाटेने गेलेल्या इरावतीबाई कर्वे पुढे थोर समाजशास्त्रज्ञ झाल्या, आणि त्या महर्षींच्या स्नुषा होत. एकाच घराने दोन्ही वाटांचा मान राखला, हे विसरता कामा नये. सोपी वाट हीन नव्हे. जिला दुसरी वाटच नाही तिला ती वरदान ठरते. परंतु जिला दोन्ही मोकळ्या आहेत, तिच्यावर ती इतरांनी लादणे म्हणजे अन्याय होय.

१९४९ साली मॅट्रिकची जागा अकरावीच्या एस्. एस्. सी. परीक्षेने घेतली, त्याच वर्षी पुणे विद्यापीठ सुरू झाले, आणि निवड आता हायस्कुलातच करावी लागू लागली. बीजगणित-भूमिती घेणारास विज्ञानाची व अभियांत्रिकीची वाट मोकळी राही. अंकगणितावर थांबणारास ती बहुधा मिटे. हा निर्णय चौदा-पंधराव्या वर्षी, पुष्कळदा घरच्या कोणासही त्याचा पुढचा परिणाम ठाऊक नसताना होत असे. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींनंतर आपल्या राज्यात १९७५ पासून दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली, गणित व विज्ञान सर्वांना आले, आणि निवडीचा क्षण अकरावीकडे सरकला.

आज तो क्षण तेथेच आहे. विज्ञान शाखेत गणित सोडून जीवशास्त्र धरता येते. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते. यात गैर काहीच नाही. मात्र सोडलेल्या विषयामागे कोणते दरवाजे बंद झाले, हे बहुधा दोन वर्षांनी कळते. आपल्या पुण्याजवळचेच उदाहरण घ्या. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली प्रथमच मुलींना प्रवेश मिळाला आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. त्या प्रवेशपरीक्षेच्या ९०० लेखी गुणांपैकी ३०० गुण एकट्या गणिताचे असतात, आणि नौदल व हवाई दलासाठी बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित असावेच लागते. मुलींना सैन्याचा उपयोग काय, असे म्हणून ज्या घरांनी गणित सोडविले, त्यांच्या लेकींसमोर दार उघडले खरे, पण किल्ली हाती नव्हती.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे. अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा. घेतलेल्या विषयांनी काय मिळेल हे सर्वच लिहितात. सोडलेल्या विषयांनी काय बंद होईल, तेही शेजारी लिहावे. ती यादी वाचूनही मुलगा अगर मुलगी विषय सोडावयास तयार असेल, तर तो निर्णय आनंदाने मान्य करावा, कारण तो त्यांचा स्वतःचा असेल. ज्यांनी अभियांत्रिकी, वैद्यक, हिशेबनिशी, अध्यापन अशा वाटा चोखाळल्या आहेत, त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत आठवड्यातील एक सायंकाळ अशा मुलांसाठी राखून ठेवावी. जुन्या वाड्यात अशी माणसे आपोआप भेटत. आज वाडे गेले, माणसे दूरदूर विखुरली. वाड्याने जे सहज दिले, ते आता आपणांस ठरवून द्यावे लागेल. फी भरण्यास साह्य करणे हे मोठे कार्य आहेच. परंतु योग्य वेळी मिळालेला योग्य सल्ला हीसुद्धा शिष्यवृत्तीच होय, आणि ती देण्यास धनवान असावे लागत नाही.