खर्जातला काळोख : रशियन चित्रपटसंगीताच्या गडद नादाची घडण

'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' (1990) या अमेरिकी चित्रपटात सुरुवातीलाच बॅसिल पोलेदूरिसच्या संगीतातून रशियन शब्दांचा समूहस्वर उसळून येतो. त्यातला एक शब्दही न कळणारा प्रेक्षक पाणबुडी कोणाची ते ओळखतो. ही ओळख कशामुळे पटते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

नेहमीचे उत्तर असे, की रशियन संगीत मुळातच दुःखी, ते मायनर स्वरांत रमते, म्हणून गडद वाटते. हे उत्तर टिकत नाही. मायनर सप्तक म्हणजे ढोबळमानाने आपला आसावरी थाट. ते इटलीच्या प्रेमगीतांत सापडते आणि स्पेनच्या नाचातही. पण तिथे कोणाला लोखंड, बर्फ आणि दरबारातले कट आठवत नाहीत. माझे म्हणणे असे, की रशियन गडदपणा हा दुःखाचा नसून वजनाचा आहे. त्याचे तीन पदर वेगळे करता येतात: खर्जाचा भार, पुढे न सरकणारी स्वरसंगती आणि एका माणसाचा नसलेला, जमावाचा आवाज. या तिघांपैकी कोणता पदर खरोखर अटळ आहे, ते उदाहरणे पाहिल्यावरच ठरवता येईल.

खर्जाचे मूळ देवळात आहे. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्यांना मज्जाव असतो; तिथे ऑर्गन नाही, केवळ कंठ. पश्चिमेत ऑर्गनच्या पायपट्ट्या जो तळ धरतात, तो रशियात माणसांनाच धरावा लागला. त्यातून 'ऑक्टाव्हिस्ट' नावाचा गायकवर्ग तयार झाला. हे लोक नेहमीच्या बास गायकाच्याही एक सप्तक खाली गातात. रखमानिनोव्हच्या 'ऑल-नाइट व्हिजिल' (1915) या रचनेच्या पाचव्या भागाच्या अखेरीस बास गायक पायरी पायरीने उतरत सुमारे 58 हर्ट्झच्या सुरापर्यंत जातात. तिथे आवाज 'ऐकू येतो' म्हणण्यापेक्षा छातीला कळतो म्हणावे. याला श्रवणशास्त्राची बाजूही आहे. इतक्या खाली जवळजवळचे सूर कानाला वेगळे करता येत नाहीत. मध्य सप्तकात सा आणि कोमल गंधार एकत्र वाजवले तर हळवे वाटतात. तीच जोडी दोन सप्तके खाली नेली की घरघर ऐकू येते. म्हणजे वर जे कारुण्य असते, ते खाली धोका होते. जाणता संगीतकार खर्जात एक तर मोकळे सप्तक आणि पंचम ठेवतो किंवा ही घरघर मुद्दाम मागून घेतो.

दुसरा पदर, स्वरसंगतीचे थांबलेपण, घंटांकडून आला असे मला वाटते, आणि इथे जरा रेंगाळले पाहिजे. पश्चिम युरोपात घंटा झुलते. रशियात ती जागची हलत नाही. दोरीने आतला लोलक ओढून काठावर आपटतात. शिवाय ती कोणत्याही सप्तकाशी जुळवलेली नसते. तिच्या नादात मूळ सुराशी न पटणारे अनेक उपस्वर एकाच वेळी उमटतात आणि बराच वेळ एकमेकांत घोळत राहतात. अशा नादाला 'पुढे जाणे' माहीत नसते. तो आहे तिथेच असतो, फक्त पुन्हा पुन्हा येतो.

हे वाद्यवृंदात कसे उतरवायचे, ते मुसोर्गस्कीने 'बोरिस गोदुनोव्ह' या ऑपेरातल्या राज्याभिषेकाच्या प्रवेशात दाखवले. ऑपेरा रंगमंचावर आला 1874 मध्ये. पेटी असेल तर वाचकाने हे स्वतः वाजवून पाहावे. पांढरी एकचा सा धरा. पहिला स्वरसमूह: कोमल धैवत, सा, कोमल गंधार, तीव्र मध्यम. दुसरा: रिषभ, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, सा. दोन्हींत सा आणि तीव्र मध्यम तसेच राहतात. केवळ कोमल धैवत अर्धा सूर चढतो आणि कोमल गंधार अर्धा सूर उतरतो. आता हे दोन समूह आळीपाळीने, सावकाश, जोर देऊन वाजवत राहा. पाश्चात्त्य व्याकरणानुसार यातला प्रत्येक समूह एका ठरावीक घराकडे धाव घेणारा आहे. मुसोर्गस्की त्यांना घरी जाऊच देत नाही. एक ओढ दुसऱ्या ओढीवर आदळते आणि दोन्ही हवेत लटकतात. राज्याभिषेक चालू आहे, लोक जयजयकार करताहेत, आणि तरी ऐकणाऱ्याला कळून चुकते की या राज्याचे काही खरे नाही. पुढच्या शंभर वर्षांत रशियावरच्या चित्रपटांत भव्यतेमागून जे सावट डोकावते, त्याचे बरेचसे बीज या दोन स्वरसमूहांत आहे.

सा आणि तीव्र मध्यम यांची हीच जवळीक रिम्स्की-कोर्साकोव्हने पद्धतशीर सप्तकात बसवली. त्यात एक अर्धा सूर, एक पूर्ण सूर असा क्रम लागतो आणि सातांऐवजी आठ स्वर येतात. त्याच्या ऑपेरांत हे स्वर जादूटोणा आणि पाताळलोक यांच्यासाठी राखीव असत. स्टुडिओच्या संगीतकारांना ते आयतेच मिळाले.

आता प्रत्यक्ष चित्रपट. सर्गेई आयझेनस्टाइनचा 'अलेक्झांडर नेव्हस्की' डिसेंबर 1938 मध्ये आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सर्गेई प्रोकोफिएव्ह हॉलिवुडमध्ये ध्वनिमुद्रणाची तंत्रे पाहून आला होता. परतल्यावर त्याने मायक्रोफोनलाच वाद्य मानले. ट्यूटॉनिक सरदारांच्या शिंगांसाठी त्याने पितळी वाद्ये मायक्रोफोनच्या अगदी तोंडाशी वाजवून घेतली. मायक्रोफोनला ते झेपले नाही, आवाज फाटला. तो फाटका, कर्कश नादच त्याला हवा होता. मुद्रणाचा दोष त्याने शत्रूचे चरित्र म्हणून वापरला. एखादे कमी ताकदीचे वाद्य जवळ आणि ट्रॉम्बोन लांब ठेवला तर नैसर्गिक ताकदीची उलथापालथ होते, हेही त्याने टिपून ठेवले होते.

या चित्रपटातला काळोख कोणाचा आहे, ते नीट पाहावे. जड पितळ, लॅटिन स्तोत्राचा निर्विकार समूहस्वर, बर्फावरून जवळ येणारी न बदलणारी लय हे सगळे जर्मन आक्रमकांचे. रशियनांच्या वाट्याला उजळ, लोकगीतासारख्या चाली आल्या आहेत. म्हणजे आज ज्याला जग 'गडद रशियन नाद' म्हणते, त्याच्या एका पायाभूत नमुन्यात तो नाद परक्यांचा होता. पुढे चित्रपटाचे नशीबही चमत्कारिक निघाले. 1939 मध्ये हिटलरशी करार होताच तो गुंडाळून ठेवला गेला आणि 1941 मध्ये जर्मन फौजा शिरताच पुन्हा पडद्यावर आला. संगीताची एक मात्राही बदलली नव्हती. (बर्फावरची ती लढाई भर उन्हाळ्यात चित्रित केली होती. थंडी जी काही जाणवते, तिचे मोठे श्रेय प्रोकोफिएव्हला द्यावे लागते.)

याच जोडीच्या 'इव्हान द टेरिबल'च्या दुसऱ्या भागात (पूर्ण 1946, प्रदर्शित 1958) मला सर्वांत काळाकुट्ट वाटतो तो प्रसंग घंटांचा नाही, फौजेचाही नाही, अंगाईचा आहे. इव्हानची काकू येफ्रोसिन्या आपल्या भाबड्या मुलाला मांडीशी घेऊन बीव्हरच्या शिकारीचे गाणे म्हणते. ते कातडे मुलाच्या राजवस्त्रासाठी हवे आहे. गाणे पुढे सरकते तशी आईची महत्त्वाकांक्षा त्या साध्या चालीत शिरते. स्वर फारसे न बदलता गाण्याची जात बदलते आणि मुलगा भेदरतो. खर्ज, जमाव, पितळ यांतले काहीच हाताशी न घेता प्रोकोफिएव्हने हे साधले. गडदपणाचे सामान आणि गडदपणा यांत फरक करायला इथूनच सुरुवात करावी.

दिमित्री शोस्ताकोविच तरुणपणी लेनिनग्राडच्या थिएटरांत मूकपटांना पियानोची साथ करून चार पैसे मिळवत असे. पहिला चित्रपट 'न्यू बॅबिलॉन' (1929), शेवटचा 'किंग लिअर' (1971). दोन्हींच्या दिग्दर्शनात ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह होता. मधल्या काळातल्या त्यांच्या 'हॅम्लेट'मध्ये (1964) भुताच्या प्रवेशाला पितळी वाद्यांचा जो मारा आहे तो जबरदस्त आहे. पण तो अपेक्षित आहे. विवेचनाला जास्त उपयोगी पडते ती ऑफिलिया. नृत्याचे धडे घेताना तिच्या पावलांना हार्प्सिकॉर्डची बारीक, किल्ली दिल्यासारखी चाल मिळते. खर्जाचा लवलेश नाही. पुढे वडील मेल्यावर दासी तिला लोखंडी पिंजऱ्यासारख्या आतल्या पोशाखात जखडतात, आणि वेड लागल्यावर ती त्याच शिकवलेल्या हालचाली करत राहते. संगीताने धड्याच्या वेळीच सांगून ठेवले होते, की या मुलीला कोणीतरी किल्ली दिली आहे. 'किंग लिअर'मध्ये तर शोस्ताकोविच आणखी कमी बोलतो: विदूषकाची एकटी सुषिर धून आणि शब्दांविना जनतेचा आक्रोश, बस्स.

दिग्दर्शक तार्कोव्हस्कीकडे येताना वाद्यवृंद मागे पडतो. त्याच्या 'अंद्रेई रुब्ल्योव्ह'ची (पूर्ण 1966) अखेर घंटा ओतण्याच्या प्रकरणाने होते. या प्रसंगाचा तेव्हाच्या प्रेक्षकावरचा आघात समजायचा तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी: 1930च्या आसपास सोव्हिएत सत्तेने देशभरच्या घंटा उतरवून वितळवल्या. मॉस्कोच्या दानिलोव्ह मठाच्या घंटा केवळ एका अमेरिकी उद्योगपतीने विकत घेऊन हार्वर्डला दिल्या म्हणून वाचल्या. त्या घरी परतल्या 2008 मध्ये. पडद्यावर बोरिस्का या कोवळ्या ओतकाराची घंटा पहिला टोला देते, तेव्हा तो नाद अनेकांसाठी बंद पडलेल्या आवाजाचे परत येणे होते.

'सोलारिस' (1972) आणि 'स्टॉकर' (1979) यांसाठी एदुआर्द आर्तेम्येव इलेक्ट्रॉनिक नादाकडे वळला. 'सोलारिस'मध्ये त्याने वापरलेले एएनएस हे यंत्र येव्गेनी मुर्झिन या अभियंत्याने बांधले होते. नाव संगीतकार स्क्र्याबिनच्या आद्याक्षरांवरून. काचेवर काळा लेप असतो, तो खरवडून रेषा काढायच्या. त्यांतून प्रकाश जातो आणि त्याचा नाद होतो. सप्तकाचे भाग 72. बावीस श्रुतींवर रात्र जागवणाऱ्या आपल्या मंडळींनी या यंत्राची दखल घ्यायला हवी होती. 'स्टॉकर'मध्ये तिघे जण रुळावरच्या छोट्या गाडीतून 'झोन' या निषिद्ध प्रदेशाकडे निघतात. चाकांचा खडखडाट काही वेळ खडखडाटच असतो. मग त्याला हळूहळू प्रतिध्वनी, धातूची आस लागत जाते आणि संगीत नेमके कुठे सुरू झाले ते सांगता येत नाही. चित्रपटाच्या मुख्य रचनेत बासरीसारख्या सुरावटीसोबत 'तार' हे कॉकेशस-इराणकडचे तंतुवाद्य आहे आणि खाली तंबोऱ्यासारखा अखंड आधारस्वर. आपल्याला तो आधार विसावा देतो. इथे तोच स्वर जागा बदलत नाही म्हणून घुसमटवतो. मुसोर्गस्कीचे घरी न जाणे आणि आर्तेम्येवचे जागचे न हलणे ही एकाच स्वभावाची दोन रूपे आहेत.

लारिसा शेपित्कोच्या 'द असेंट'मध्ये (1977) आल्फ्रेड श्नित्केनेही भोवतालच्या आवाजातून संगीत उगवू देण्याचे हेच तंत्र वापरले. तिथे खडखडाटाऐवजी हिमवादळ आहे. त्यातून संगीत वेगळे काढू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

'रशियन' हे विशेषणही सैलच समजावे. प्रोकोफिएव्हचे जन्मगाव आजच्या युक्रेनमधले. श्नित्के व्होल्गाकाठच्या जर्मन आणि ज्यू घराण्यांतला. ही परंपरा रक्ताची नाही, कानाची आहे.

हॉलिवुडने यातले काय उचलले? प्रामुख्याने तिसरा पदर, म्हणजे जमाव, आणि तोही पुरुषी. वॉल्टर हिलच्या 'रेड हीट'साठी (1988) जेम्स हॉर्नरने जे सुरुवातीचे संगीत योजले, त्यावर प्रोकोफिएव्हच्या ऑक्टोबर क्रांतीच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या कँटाटाचा ठसा इतका स्पष्ट आहे, की त्याला उसनवारी म्हणायला हरकत नाही. गंमत अशी, की मार्क्स, लेनिन आणि स्टालिन यांचे शब्द घेऊन 1937 मध्ये लिहिलेली ही कृती स्टालिनच्या हयातीत वाजवलीच गेली नाही; पहिला प्रयोग 1966चा. सोव्हिएत सत्तेला जे संगीत आपले प्रतिनिधी म्हणून चालले नाही, ते अमेरिकेने त्याच सत्तेची मुद्रा म्हणून वापरले. पोलेदूरिसचे काम याहून प्रामाणिक आहे. त्याचे स्तोत्र ऐकायला खरोखर उमदे आहे. पण त्याची स्वरसंगती वेळच्या वेळी घरी पोहोचते. म्हणून ते भव्य वाटते, धास्ती घालत नाही. दबा धरून बसलेले काही त्यात नाही.

उरला प्रश्न अटळ पदराचा. त्यासाठी आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव्हच्या 'लव्हलेस'चे (2017) संगीत घ्यावे. येव्गेनी आणि साशा गाल्पेरिन या भावांचे ते काम आहे. घटस्फोटाला निघालेल्या मॉस्कोच्या जोडप्याचा नकोसा झालेला मुलगा हरवतो आणि शोध सुरू होतो, एवढीच गोष्ट. मुख्य रचनेचे नावच '11 सायकल्स ऑफ ई' आहे: पियानोवर एकच सूर, त्याच त्या लयीत, पुन्हा पुन्हा. देऊळ नाही, घंटा नाही, कोरस नाही. ऑक्टाव्हिस्टाचा खर्जही नाही. भोवतीचे वाद्यनाद दाटत जातात, पियानो मात्र दुसऱ्या सुराकडे सरकत नाही आणि मुलगा सापडत नाही.