वहीच्या पानांतून घडलेले धैर्य

दैनंदिनी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जमाखर्च, भेटीगाठी, फार तर एखाद्या प्रवासाची टिपणे येतात. भित्र्या माणसाने रोज लिहीत राहावे आणि लिहिता लिहिता निर्भय व्हावे, हे आपल्याला सहसा पटत नाही. धैर्य रणांगणावरच घडते, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासून पाहण्यासाठी आम्ही वाचकांना आठ दशके मागे, नाझी टाचेखालच्या ॲमस्टरडॅम शहरात घेऊन जाऊ इच्छितो.

एटी हिलेसम हिचा जन्म १५ जानेवारी १९१४ रोजी हॉलंडमधील मिडलबर्ग येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील ग्रीक-लॅटिनचे शिक्षक, आई रशियातून आलेली. एटीने कायद्याची पदवी घेतली, रशियन भाषेचा अभ्यास केला. बुद्धी तल्लख, परंतु मन सैरभैर. दोन्ही भावांना मानसिक आजाराने ग्रासले होते. आपलाही तोल जाईल, ही भीती तिला छळत असे. १९४१ च्या आरंभी ती युलियस स्पीअर या जर्मन ज्यू मानसोपचारकांकडे गेली आणि बहुधा त्यांच्याच सूचनेवरून ८ मार्च १९४१ रोजी तिने वही उघडली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

पहिल्या वह्यांत शौर्याचा मागमूस नाही. डोकेदुखी, मत्सर, आळस, प्रेमातील गुंता हेच विषय. मात्र ती स्वतःला सूट देत नाही. आपल्याच मनाला दटावते, प्रश्न विचारते, कालच्या लहरीचा आज हिशेब मागते. त्याच मार्च महिन्यात जर्मनांविषयीच्या द्वेषाचाही तिने असाच समाचार घेतला. सरसकट सगळ्या जर्मनांचा द्वेष हा आपल्याच आत्म्याचा रोग आहे, या निष्कर्षाला ती आली. हळूहळू लेखनाचे रूपांतर प्रार्थनेत झाले. ज्या मुलीला गुडघे टेकणे ठाऊक नव्हते, ती न्हाणीघरातील काथ्याच्या चटईवर गुडघे टेकू लागली. संत ऑगस्टीन, कवी रिल्के आणि संत मत्तयचे शुभवर्तमान हे तिचे सोबती झाले.

या अभ्यासाची कसोटी फेब्रुवारी १९४२ मध्ये लागली. गेस्टापोच्या कचेरीत एक तरुण अधिकारी तिच्यावर ओरडला. वहीत तिने नोंदविले आहे ते असे की, तिला भय वाटले नाही, उलट त्याची कीव आली. याचे बालपण दुःखात गेले असावे काय, असा विचार तिच्या मनात आला. वर्षभर स्वतःच्या मनाचे कोपरे धुंडाळलेली व्यक्तीच अशा क्षणी दुसऱ्याच्या मनात डोकावू शकते, असे आम्हांस वाटते.

मे १९४२ पासून ज्यूंना पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. आपला संपूर्ण विनाश हाच शत्रूचा हेतू आहे, हे जुलैमध्ये तिने वहीत स्पष्ट लिहिले. स्वतःची फसवणूक न करणे, हे त्या वह्यांनी तिला दिलेले पहिले बळ होय. त्याच महिन्यात ज्यू मंडळात मिळालेली कचेरीतील सुरक्षित नोकरी तिला बोचू लागली. तिने स्वतःहून वेस्टरबोर्क छावणीत बदली मागितली. येथूनच गाड्या भरून पूर्वेकडे रवाना होत. ती आजाऱ्यांची, लेकुरवाळ्या मातांची विचारपूस करीत हिंडे.

याच छावणीतून ऑगस्ट १९४२ मध्ये संत एडिथ स्टाईन यांना आउशवित्झला नेण्यात आले. हॉलंडच्या कॅथलिक बिशपांचे निषेधपत्र २६ जुलै रोजी चर्चमधून वाचले गेले होते. त्याचा सूड म्हणून ज्यू वंशाच्या कॅथलिकांना पकडण्यात आले. झग्यावर पिवळा तारा लावलेल्या धर्मभगिनींची नोंद एटीच्या लेखनातही आहे.

येथे एक प्रश्न उरतोच. मित्रांनी लपण्याचा आग्रह धरला असता तिने तो नाकारला. हे धैर्य की शरणागती? काही टीकाकारांनी तिला दोष दिला आहे. आम्ही तो दोष हलक्या हाताने झटकून टाकू इच्छित नाही. जगण्यासाठी धडपडणे हेही धैर्यच होते. परंतु एटी हताश होऊन बसली नव्हती. आपल्या लोकांना सोडून एकटीने सुटका करून घ्यायची नाही, हा तिचा निर्णय होता.

७ सप्टेंबर १९४३ रोजी आईवडील आणि भाऊ मिशा यांच्यासह तिला गाडीत चढविण्यात आले. गाडीतून तिने फेकलेले पत्र शेतकऱ्यांना सापडले व त्यांनी ते टपालात टाकले. आपण सारे गात छावणीबाहेर पडलो, असे तिने त्यात कळविले होते. ३० नोव्हेंबर १९४३ ही तिची मृत्युतिथी मानली जाते. वह्या तिने मैत्रिणीच्या स्वाधीन केल्या होत्या. त्यांतील निवडक भाग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ फेब्रुवारी २०१३ रोजी, राखेच्या बुधवारी, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिचा गौरवाने उल्लेख केला.

ती ख्रिस्ती झाली नव्हती. तिला आपल्या गोतात ओढण्याचा मोह आपण टाळलाच पाहिजे. तिच्याकडून शिकण्यास मात्र काही हरकत नाही. रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी सद्सद्विवेकाची तपासणी करण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते; पुढे ती दोन मिनिटांत उरकण्याची बाब होते. त्या दोन मिनिटांची पंधरा मिनिटे करावीत, समोर साधी वही घ्यावी आणि आज आपण कशाला भ्यालो, एवढेच प्रामाणिकपणे लिहावे. एटीचाही आरंभ एवढाच होता.