फाइल बिघडली की फॉन्ट हरवला?

अर्ज असो, प्रबंध असो वा ग्रामसभेचे इतिवृत्त. तासन् तास खपून संगणकावर तयार केलेली फाइल ऐनवेळी उघडेनाशी झाली की भल्याभल्यांचा धीर सुटतो. मग घाईघाईने काही तरी करून पाहिले जाते आणि जो मजकूर सहज परत मिळाला असता, तोही हातचा जातो. दस्तऐवज 'गेला' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते. मजकूर साठवलाच गेलेला नसतो किंवा फाइल पुसली गेलेली असते; फाइल जागेवर असते, पण तिची रचना बिघडलेली असते; अथवा फाइल ठणठणीत असते, फक्त तिचा फॉन्ट त्या संगणकावर नसतो. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला दिले, तर दुखणे वाढते.

उपाय कोणताही असो, आधी मूळ फाइलची प्रत काढावी आणि सारे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.

मजकूर साठवला नसेल तर

वीज गेली किंवा संगणक मध्येच बंद पडला, तर वर्ड पुन्हा सुरू करून पाहावे. 'ऑटोरिकव्हर' ही सोय सामान्यतः दर १० मिनिटांनी मजकुराची तात्पुरती नोंद ठेवते आणि पुन्हा सुरू होताना ती प्रत पुढे करते. वर्ड २०१० पासून पुढच्या आवृत्त्यांत 'फाइल'मधील 'इन्फो' या भागात न साठवलेले दस्तऐवज शोधण्याचा पर्यायही आहे. मात्र अशा प्रती थोडेच दिवस राहतात. म्हणून मिळालेली प्रत लगेच नव्या नावाने साठवावी.

फाइल पुसली गेली असेल, तर प्रथम रिसायकल बिन पाहावा. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र सहसा तेथे जात नाही. पुसताना बहुधा फाइलची नोंद तेवढी काढली जाते. मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकून असतो. त्यामुळे त्या ड्राइव्हवर नवे काहीही साठवू नये आणि फाइल परत मिळवून देणारे सॉफ्टवेअरही दुसऱ्या डिस्कवर ठेवावे. अलीकडच्या एसएसडी डिस्कवर रिकामी झालेली जागा आपोआप साफ केली जाते. तेथे यशाची शक्यता कमी असते.

रचना बिघडली असेल तर

फाइल उघडताना 'ओपन' बटणाशेजारचा बाण दाबून 'ओपन अँड रिपेअर' निवडावे. तेवढ्याने भागले नाही, तर तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून पाहावी. एका कार्यक्रमाला न पेलणारी फाइल कधी कधी दुसऱ्याला पेलते.

वर्ड २००७ पासून रूढ झालेली 'डॉक्स' फाइल ही वस्तुतः अनेक छोट्या फायलींची झिप केलेली गठडी असते. तिच्या प्रतीच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' केला, की ती इतर झिप फायलींप्रमाणे उघडते. आतील 'वर्ड' या फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल असते. मुख्य मजकूर तीत असतो. चित्रे किंवा मांडणी बिघडली असली, तरी शब्द येथून अनेकदा हाती लागतात.

फॉन्ट हरवला असेल तर

मराठी मजकुराच्या बाबतीत हा प्रकार विशेष जपून हाताळावा लागतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव. अशा गावातील डीटीपी केंद्रात मजकूर टाइप करून घ्यावा, पेन ड्राइव्ह खिशात टाकून जालना गाठावे आणि तेथील संगणकावर फाइल उघडताच पडदाभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडावा! पाहणारा म्हणतो, 'फाइल करप्ट झाली.' प्रत्यक्षात एक अक्षरही हललेले नसते.

याचे कारण जुन्या फॉन्टच्या घडणीत आहे. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकचे फॉन्ट यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवला जातो. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो नसेल, तर उघडी इंग्रजी अक्षरेच दिसणार. शिवाय प्रत्येक फॉन्टची वाटणी निराळी. त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही.

अशा वेळी मजकुरावर क्लिक करून वर फॉन्टचे कोणते नाव दिसते, ते टिपून ठेवावे. तो फॉन्ट मिळवून संगणकावर बसवला, की मराठी पुन्हा दिसू लागते. तोवर दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, मजकूर 'प्लेन टेक्स्ट' म्हणून साठवू नये. तसे केल्यास फॉन्टची माहिती गळते आणि कोणता भाग मराठी व कोणता खरोखरच इंग्रजी, हे ओळखणे अवघड होते. बिघडलेल्या फाइलमधून केवळ मजकूर ओढून काढणाऱ्या सोयींचाही हाच तोटा आहे. दुसरी, 'ऑटोकरेक्ट' बंद ठेवावे. ते वाक्यारंभीचे लहान अक्षर मोठे करते. कृतिदेवमध्ये लहान ई म्हणजे 'म', तर मोठा ई म्हणजे अर्धा 'म्'. एवढ्या दुरुस्तीने 'मराठी'चे 'म्राठी' होते.

कायमचा उपाय

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली आणि विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह ही सोय घरोघरच्या संगणकांवर आली. युनिकोडमध्ये 'म' या अक्षराचा क्रमांक २३५० आहे आणि फॉन्ट कोणताही असो, तो बदलत नाही. म्हणून युनिकोडमधील मजकूर अन्य संगणकावरही वाचता येतो आणि त्यात शब्द शोधता येतो.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. मात्र नंतर तपासणी हवीच. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराची जागाही बदलते. त्यामुळे वेलांट्या, रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्या', 'ऱ्ह' यांसारखी रूपे मुळाशी ताडून पाहावीत. गोपनीय कागद अनोळखी संकेतस्थळावरील परिवर्तकात टाकू नयेत. पीडीएफ प्रत जवळ असावी, कारण तीत फॉन्ट अंतर्भूत केलेला असल्यास मूळ रूप पाहता येते. ताडण्यासाठी ती उपयोगी पडते.

युनिकोडपूर्व काळात टाइप झालेली संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका आणि हस्तलिखितांच्या प्रती आजही जुन्या सीडींवर व हार्ड डिस्कवर पडून आहेत. त्या बिघडलेल्या नाहीत. पण ज्या फॉन्टमुळे त्या वाचता येतात, तो मिळेनासा झाला की त्यांची गत बिघडलेल्या फायलींसारखीच होईल. ज्यांच्या संगणकावर असा फॉन्ट अजून चालतो, त्यांनी फायलींबरोबर तोही जपावा आणि रूपांतराचे काम हाती घ्यावे. रूपांतर झाल्यावरही मूळ फाइल पुसू नये.