माथेरानच्या वाटा: कुणाच्या पायांनी पडल्या?

डोंगरातून, जंगलातून धावायला जाणारी मंडळी आता बरीच दिसतात. मुंबई-पुण्याच्या माणसाला त्यासाठी जवळची जागा म्हणजे माथेरान. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवरचा हा डोंगर. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि सुटायचं: अमन लॉज, बाजारपेठ, शार्लट लेक, पुढे लुईझा पॉइंट. पायाखाली तांबडी माती, वर झाडांची सावली, आणि मागून हॉर्न वाजत नाही. आज आपण याच वाटेकडे इतिहासाच्या अंगाने पाहू. प्रश्न साधा आहे. ही वाट पाडली कुणी, आणि ती अशी मऊ, मोकळी राहिली कशामुळे?

माथेरानचा इतिहास सांगताना बहुतेक ठिकाणी सुरुवात मे 1850 पासून होते. ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. तिथून ते वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. याला माथेरानचा 'शोध' म्हणण्याची पद्धत आहे. आता बघा, एका वाटेने चढायचं आणि दुसरीने उतरायचं, म्हणजे दोन्ही वाटा आधीपासून होत्या! त्या धनगरांच्या, ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या पायांनी पडलेल्या होत्या. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटिअरमध्ये माथेरानवर विस्ताराने लिहिलं आहे, आणि त्यातही या तिन्ही समाजांची नोंद आहे. मॅलेट यांनी डोंगर शोधला नाही. त्यांनी तो सरकारी कागदावर आणला. तेव्हा पहिली पायरी आपण ही धरू: गुरं, दूध, सरपण, रानमेवा यांसाठी रोज तुडवलेली वाट.

दुसरी पायरी हौसेची. मॅलेट यांनी वर घर बांधलं, वाटा आखायला सुरुवात केली. 1853 ते 1860 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन इथे येऊ लागले आणि माथेरानला प्रतिष्ठा मिळाली. कड्याच्या टोकाटोकाला 'पॉइंट' ठरले, आणि त्यांना जोडणाऱ्या सपाट, वळणावळणाच्या वाटा झाल्या. फरक लक्षात घ्या. धनगराची वाट दरीतून माथ्यावर येते, कारण त्याला कुठेतरी पोचायचं असतं. पॉइंटची वाट माथ्यावरच फिरते, कारण तिथे फिरणं हेच काम. आज धावणाऱ्याला जो मार्ग आवडतो तो मुख्यतः या दुसऱ्या जातीचा. चढ बेताचा, सावली भरपूर, शेवटी दरीचं दृश्य.

पण हौशी माणूस माथ्यावर पोचायचा कसा? 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत गेली आणि वाटेतलं नेरळ हे माथेरानचं दार झालं. नेरळहून पुढे पायी, तट्टावर, नाहीतर पालखीत. पालखीत म्हणजे कुणाच्यातरी खांद्यावर. पुढे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी दोन फुटी रुळांची छोटी गाडी बांधली, ती 1907 मध्ये सुरू झाली. डोंगर चढण्याचं ओझं तिने बरंच कमी केलं. वर पोचल्यावर मात्र परत पाय, घोडा आणि माणसाने ओढायची रिक्षा.

इथे तिसरी पायरी येते: मोटारीला मज्जाव. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर गाड्या दस्तुरीलाच थांबतात. 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, त्यामुळे या बंधनाला आणखी बळ मिळालं. आपल्याला जी शांतता मिळते ती या नियमाची देणगी आहे. पण तिचा हिशेब पुरता मांडायला हवा. मोटार नाही म्हणून सामान नाहीसं होत नाही. गॅसचं सिलिंडर, धान्य, भाजी, प्रवाशांच्या बॅगा, म्हातारी माणसं हे सगळं कुणीतरी वाहतंच. धोदाणीसारख्या पायथ्याच्या गावातून माणसं भाजी, दूध घेऊन सनसेट पॉइंटच्या बाजूने वर येतात. आपण धावायला जातो ती वाट त्यांची बाजाराला जायची वाट आहे. आणि हातरिक्षा? पुढे एक माणूस ओढतो, मागून दुसरा ढकलतो. त्याच चढावर आपला दम व्यायामाचा, त्यांचा दम पोटाचा.

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट बोट ठेवलं. माणसाने माणसाला ओढणं ही अमानवी प्रथा आहे, सहा महिन्यांत ती बंद करा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. 2022 पासून प्रयोग म्हणून ई-रिक्षा सुरू झाल्या होत्याच. त्याच आदेशात वाटेच्या पृष्ठभागाचाही विचार झाला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घालायला मुभा मिळाली, आतल्या रस्त्यांवर मात्र नाही.

पेव्हर ब्लॉक ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण वाटेचा इतिहास तिच्या पृष्ठभागावरच लिहिला जातो. इथला दगड जांभा, त्याची माती पायाला मऊ. मात्र पावसाळ्यात ती वाहून जाते, घळी पडतात, दरवर्षी डागडुजी करावी लागते. ब्लॉक घातले तर चाकाची सोय होते, पण घोड्यांचे पाय घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार, आणि धावणाऱ्याच्या गुडघ्यांनाही फरक कळतो. म्हणजे चाक, खूर आणि पाऊल यांच्या गरजा वेगळ्या आहेत. एक पट्टा चाकाला देऊन बाकीच्या वाटा मातीच्या ठेवणं, ही आम्हाला या वादातली शहाणी तोड वाटते. ती टिकायची तर दोन पथ्यं पाळावी लागतील. तो पट्टा हळूहळू जंगलात सरकता कामा नये. आणि ई-रिक्षाचा परवाना ज्याने आजवर रिक्षा ओढली त्याच्याच हाती जायला हवा.

जुनी वाट जपा असं म्हणणं सोपं आहे. परंतु जपणुकीचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो हे विचारल्याशिवाय तो आग्रह अर्धाच राहतो. पावणेदोनशे वर्षांत माथेरानवर तट्टू आलं, रेल्वे आली, आता बॅटरीची रिक्षा आली. दर वेळी ओझं थोडं थोडं माणसावरून उतरलं. ते पूर्ण उतरावं आणि माती मातीच राहावी, हे दोन्ही एकत्र जमणं शक्य आहे. पुढच्या वेळी तिथे धावायला गेलात आणि समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली, तर बाजूला होऊन आधी तिला जाऊ द्या. वाट मुळात तिची आहे.