गावठाणातल्या घराचं कूळ

मरोळ, चकाला, गुंदवली ही नावं आज मेट्रोच्या उद्घोषणांत ऐकू येतात. मुळात ती साष्टी बेटावरच्या भातशेतीच्या गावांची. अंधेरी पूर्वेला काचेच्या इमारतींमागे शिरलं, की दोन माणसं जेमतेम शेजारून जातील अशा गल्लीत कौलारू घरं अजून सापडतात. ओटा, लाकडी कठडा, बाहेरून वर जाणारा जिना. पाहुणे त्यांना कौतुकानं ‘पोर्तुगीज घर’ म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं.

पोर्तुगीजांना वसईबरोबर साष्टी 1534 मध्ये मिळाली, 1739 मध्ये मराठ्यांनी ती घेतली, 1774 मध्ये इंग्रजांनी. पोर्तुगीज अमलाच्या दोन शतकांत इथले बरेच कुणबी, कोळी, भंडारी ख्रिस्ती झाले. पण भात लावायचं, मासे धरायचं, घरात मराठीच बोलायचं, हे चालू राहिलं. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी 1887 मध्ये घेतलं. नोकरीसाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिश्चनांहून आपण वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून. घरही तसंच. उंच जोतं, पुढे ओटा, मग ओसरी, माजघर, मागे चूल आणि विहीर ही मांडणी कोकणातल्या शेतकऱ्याची. कोनाड्यातली मूर्ती बदलली, मांडणी तीच राहिली.

बदल झाला तो वरच्या बाजूला. पूर्वी नळीची कौलं असत आणि पावसाळ्याआधी शाकारणी चुकत नसे. मंगळूरला बासेल मिशननं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला. तिथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं सरकत नसत, वर्षाच्या वर्षी परतावी लागत नसत. रेल्वे आली आणि 1896 च्या प्लेगनं मुंबईकरांना मोकळ्या हवेकडे लोटलं, तसा वरचा मजला भाड्यानं देण्याजोगा झाला. बाहेरच्या जिन्याचा फायदा तेव्हा कळतो: भाडेकरू वर जातो, ओसरीतल्या बायकांना उठावं लागत नाही. म्हणजे ज्याला आपण खास जुनं वळण म्हणतो, त्यातला बराच भाग उपनगर होण्याच्या काळातला.

पण हे घर टिकलं कशानं? माझ्या मते सर्वांत मोठं श्रेय महसूल खात्याच्या एका रेषेला. जमीन मोजणीत वस्तीभोवती हद्द आखली गेली: आत गावठाण, बाहेर साऱ्याची शेतं. पुढे आरेची दूध वसाहत (1949), मरोळची एमआयडीसी, 1973 चं सीप्झ हे निर्यात क्षेत्र यांना जमीन लागली, तेव्हा शेतं गेली. रेषेच्या आतली घरं राहिली. शेजारच्या कोंडिविटे गावातल्या 1579 च्या चर्चचं उलटं झालं. साथीमुळे वस्ती 1840 मध्ये मरोळला सरकली, आणि ते पडकं चर्च आज सीप्झच्या कुंपणात आहे. एवढी भव्य वास्तू ओस पडली, आणि गल्लीतल्या बुटक्या घरात अजून मे महिन्यात ईस्ट इंडियनांच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या वाळतात.

मुंबईत वारसा जपण्याचे नियम 1995 मध्ये आले. त्यांतली पहिली आणि दुसरी श्रेणी मोठ्या वास्तूंची, पण तिसऱ्या श्रेणीची व्याख्या वाचताना वाटतं, ती गावठाण पाहूनच लिहिली असावी: एखाद्या समाजाच्या राहणीचा नमुना, रस्त्याकडेची रांग, उंची-रुंदीतला सारखेपणा. त्यात वास्तुरचनाकाराचं नाव लागत नाही, थोर पुरुषाचा मुक्कामही लागत नाही. तरीही त्या वेळच्या वारसा यादीचा भर राहिला दक्षिण मुंबईवर. यादीच्या 2012 च्या वाढीव मसुद्यात शेकडो नवी नावं आली, तेव्हा हरकतींचाही पाऊस पडला.

त्या हरकती मला खोट्या वाटत नाहीत. साग महाग, कौलं बसवणारे कारागीर कमी, आणि चार भावांची नावं असलेल्या मिळकत पत्रिकेवर दुरुस्तीला एकमत होणं कठीण. त्यात परवानगीची आणखी एक खिडकी. न वापरता येणारे बांधकामाचे हक्क विकायची सोय नियमांत आहे. पण ती वापरायला वास्तुरचनाकार, वकील आणि बिनवादाची कागदपत्रं लागतात. ती फोर्टातल्या कंपनीकडे असतात.

शिवाय यादी घर मोजते, आणि या घरांची किंमत एकेक करून मोजताच येत नाही. एकानं तळमजल्यावर तीन मजले चढवले, की शेजारच्या ओट्यावरचं ऊन जातं. मग तोही वाळवण गच्चीवर नेतो, आणि गच्ची हवी म्हणून कौलं उतरवतो.